सोंपविलेलें काम आणि उरलेली जबाबदारी

एकट्याच्या हातून न होणारें काम अनेकांच्या हातीं द्यावें लागतें. राजास हें चुकत नाहीं, तसें शाळेच्या मुख्याध्यापकासही चुकत नाहीं. त्यांत लाज नाहीं आणि थोरवीही नाहीं. खरा प्रश्न पुढचा आहे. काम दुसऱ्यावर सोंपविल्यानंतर त्याच्या हातून कोणावर अन्याय झाला, तर त्या अन्यायाचा किती वांटा सोंपविणाऱ्याच्या पदरीं येतो? ‘तें मीं अमुकावर सोंपविलें होतें,’ हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकतों, कीं तें समर्थन आहे कीं कबुली आहे, याचा विचार करावयाचेंही आपल्या मनांत येत नाहीं.

या प्रश्नाचें फार जुनें उदाहरण यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत आहे. कोंकणांतील वाचकास तो ग्रंथ अगदींच परका वाटूं नये. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांना आपल्याकडे ‘शनिवार तेली’ असें म्हणत, ते बेने इस्राएल लोक कोंकण किनाऱ्यावर शतकानुशतकें राहिले. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलांत गेले. त्यांच्या ग्रंथांत मोशेची कथा आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे आणि लोक तिष्ठत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो यानें हें पाहिलें आणि सांगितलें, कीं अशानें तूंही थकशील व लोकही थकतील. सत्यनिष्ठ आणि लांच न घेणारीं माणसें निवडून त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेम. अवघड कज्जे तेवढे तुझ्याकडे येऊं देत. या सल्ल्याचा पहिला भाग सर्वांच्या लक्षांत राहतो. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. खालीं काम वांटून दिलें, परंतु वर येण्याची वाट मोकळी ठेविली.

पुढें शलमोन राजाच्या काळीं ती वाट राहिली नाहीं. त्याची कारभाराची मांडणी मोठी नीटनेटकी होती. बारा अंमलदार, प्रत्येकाकडे एकेक प्रांत, आणि प्रत्येकानें वर्षांतून एक महिना राजवाड्याची सर्व बेगमी करावयाची. त्यांत दोघे राजाचे जांवईच होते. एका दिवसाच्या खर्चांत तीस बैल आणि शंभर मेंढरें येत. वेठीच्या कामावर अदोनिराम नांवाचा अधिकारी होता. लबानोनांत लांकूड तोडण्यास तीस हजार माणसें पाळीपाळीनें धाडीत. यांत वर जाणारें धान्य आहे, वर जाणारे श्रम आहेत. वर जाणारी तक्रार मात्र कोठें दिसत नाहीं. शलमोन वारला, आणि लोकांनीं त्याचा पुत्र रहबाम यास शखेम येथें एकच मागणें केलें: जूं थोडें हलकें करा. रहबामानें तीन दिवस विचार केला, वृद्धांचा सल्ला टाकून सोबत वाढलेल्या तरुणांचा घेतला, आणि जूं अधिक जड करूं असें उत्तर दिलें. एवढ्यावर न थांबता त्यानें बिथरलेल्या लोकांकडे पाठविला कोणाला, तर त्याच वेठीच्या अधिकाऱ्याला! लोकांनीं त्याला दगडमार करून ठार केलें आणि राजा रथांत बसून यरुशलेमास पळाला. बारा वंशांपैकीं दहा वंश त्या दिवशीं तुटले. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें आहे, त्यालाच गाऱ्हाणें ऐकावयास पाठविणारा राजा मूर्ख होता असें म्हणून आपण मोकळे होतों. पण हा प्रकार आजच्या कचेऱ्यांतही अपरिचित नाहीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे पाहूं. दापोलीच्या दक्षिणेस, याच रत्नागिरी जिल्ह्यांत, शिवकाळीं प्रभावळीचा मामला होता. तेथील दोन सुभेदारांस शिवाजीमहाराजांनीं लिहिलेलीं दोन पत्रें प्रसिद्ध आहेत. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसविण्यासाठीं पद्मदुर्ग उभा राहत होता. तेथील आरमारास पैका व धान्य पोंचविण्याचें काम सुभेदार जिवाजी विनायक यांच्याकडे होतें, आणि तें त्यांनीं केलें नाहीं. १८ जानेवारी १६७५ च्या पत्रांत महाराजांनीं त्यांची चांगलीच खरडपट्टी काढिली आहे. हबशानें कांहीं देऊन तुम्हांस आपलें चाकर केलें असेल, असा संशय उघड बोलून दाखविला, आणि ब्राह्मण म्हणून कोणाची गय होणार नाहीं असेंही बजाविलें.

एका सुभेदारानें असा घात केल्यावर सामान्य मनुष्य काय करील? पुढच्या सुभेदाराचे हात बांधील. दमडीदमडीस परवानगी मागावयास लावील. दोन वर्षांच्या आंत, ५ सप्टेंबर १६७६ रोजीं, त्याच मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनीं पत्र लिहिलें, त्यांत याच्या उलट आहे. गांवोगांव फिरा, कुणबी गोळा करा, ज्याच्यापाशीं बैल नाहींत त्याला बैल घेण्यास पैका द्या, खाण्यास धान्य द्या. वाढीदिढी न घेतां मुद्दलच, तेंही ऐपत येईल तसतसें, वसूल करा. या कामीं दोन लाख लारींपर्यंत खर्च मान्य होता. म्हणजे अधिकार दिला, त्याची सीमा आंखून दिली, आणि काम कोणासाठीं आहे हेंही सांगितलें. एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याच्या विश्वासाला केली नाहीं.

यावर कोणी आक्षेप घेईल, कीं कुणब्याच्या बैलापर्यंत लक्ष घालणें हें सोंपविणें कसलें? ही तर ढवळाढवळ झाली. मोशे पुन्हां सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला! आक्षेप वजनदार आहे. परंतु येथें एक भेद केला पाहिजे. बैल कोणत्या बाजारांतून आणावा, कोणत्या कुणब्यास आधीं द्यावा, हें पत्र सांगत नाहीं. तो सुभेदाराचा प्रांत. त्या बैलावांचून कोणाचें शेत पडीक राहतें, हें मात्र धन्यानें स्वतः जाणलें पाहिजे. काम कसें चाललें याची नित्य चौकशी करणें म्हणजे अविश्वास. कामाचा भार कोणावर पडतो याची चौकशी सोडून देणें म्हणजे बेफिकिरी. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे, पण आहे.

ती वाट बुजली म्हणजे काय होतें, हें दापोली तालुक्यांतच हर्णैच्या समुद्रांत उभा असलेला सुवर्णदुर्ग सांगतो. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथानें कान्होजी आंग्र्यांस समजावून शाहूमहाराजांच्या बाजूस आणिलें, आणि सरखेलपदासह किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. सत्ता दिली, आणि बोलणेंही चालू राहिलें. कान्होजी १७२९ मध्यें वारले, पुत्रांत फूट पडली. तुळाजी आंग्रे व पेशवे यांच्यांत शेवटीं वैराखेरीज कांहीं उरलें नाहीं. आपल्याच सरदारास आवरण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल १७५५ मध्यें कमोडोर जेम्सच्या तोफांनीं सुवर्णदुर्ग पडला, आणि पुढच्या वर्षीं विजयदुर्गापाशीं आंग्र्यांचें आरमार जळालें. तुळाजी निर्दोष होता असें नव्हे. पण धन्याचें आणि अंमलदाराचें बोलणें खुंटलें, कीं मधल्या जागेंत तिसरा येऊन बसतो आणि आपलें मोल मागतो. त्या मोलांत बाणकोट इंग्रजांकडे गेलें.

तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल. सोंपविलेल्या कामांतील प्रत्येक चुकीचा दोष सोंपविणाऱ्यावर येत नाहीं, माणूस चुकणारच. परंतु पीडितानें आपल्यापर्यंत येऊं नये अशी व्यवस्था ज्यानें केली किंवा होऊं दिली, त्याला ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. तें अज्ञान त्याचें स्वतःचें कृत्य आहे. हा नियम राजांपुरता नाहीं. संस्थेचा चिटणीस, पतपेढीचा अध्यक्ष, गड्यावर शेत टाकून मुंबईस राहणारा घरधनी, यांपैकीं प्रत्येकानें एवढेंच पाहावें, कीं माझ्या नांवानें ज्याला त्रास होतो, त्याला माझें दार ठाऊक आहे काय, आणि त्या दाराशीं मीं कोणाला उभें केलें आहे.