जुने घर, नवी वसाहत

दांडिया बाजारातील राहते घर सोडून भायलीच्या नव्या वसाहतीत राहावयास जावे की न जावे, ही चर्चा आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून चालू आहे. चिरंजीवांनी तेथे चौथ्या मजल्यावर सदनिका घेतली आहे. लिफ्ट आहे, दिवसभर पाणी आहे, मोटार उभी करण्यास जागा आहे. बडोद्यातील आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. आम्ही मागे राहिलो, एवढेच. पण बोलता बोलता आमच्या ध्यानात आले, की आम्ही ज्यास साधकबाधक विचार म्हणत होतो, तो सारा आमच्या सोयी-गैरसोयींचा हिशेब होता. आपल्या जाण्याने इतरांचे काही देणे लागते काय, हा प्रश्न त्यात कोठेच नव्हता.

‘वाडवडिलांची जागा सोडू नये’ हा युक्तिवाद आम्हीही काही दिवस हिरिरीने केला. परंतु तो आपल्या तोंडी फारसा शोभत नाही. आपले पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग, आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त, कोकणातून व देशावरून येथे आले ते घरे सोडूनच. त्यांच्याही मागे कोणी वृद्ध आई अंगणात एकटी उरली असेल. ज्यांच्या कुळाचा इतिहास स्थलांतराने सुरू होतो, त्यांनी स्थलांतरास पाप म्हणू नये.

शिवाय जुन्या घराचे गोडवे गाणारे बहुधा पुरुषच असतात. आमचा लाकडी जिना एकोणीस पायऱ्यांचा आणि अंधारा आहे. नळाचे पाणी वरच्या मजल्यावर क्वचितच चढते. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. त्या एकदा शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्हांला या घरातून बाजार दिसतो, मला जिना दिसतो.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या गुडघ्यांवर आपली परंपरानिष्ठा पोसणे हा सद्गुण खास नव्हे.

तेव्हा पारडे नव्या वसाहतीकडे झुकले. पण ती वसाहत तरी रिकाम्या माळावर उभी आहे काय? आमची उमेद महसूल खात्यात गेली, त्यामुळे सदनिका पाहावयास गेलो तेव्हाही आम्हांस इमारतीखालचे शेतच दिसत राहिले. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार टी. पी. स्कीम होते, तेव्हा सर्व खातेदारांच्या जमिनी एकत्र धरून आखणी करतात. रस्ते, बागा व सार्वजनिक कामांसाठी काही भाग काढून घेतात आणि उरलेला ‘अंतिम भूखंड’ म्हणून मूळ मालकास परत देतात. सरसकट भूसंपादनापेक्षा ही पद्धत पुष्कळच न्याय्य आहे, आणि अनेक शेतकरी तिच्यामुळे सधन झाले. मात्र ज्याचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर नाही, पण ज्याचे पोट त्याच शेतावर होते, त्या मजुरास अंतिम भूखंड मिळत नाही. कागद त्यास ओळखतच नाही. आम्हीही खुर्चीत असताना त्यास फारसे ओळखले नव्हते.

तीच गोष्ट पाण्याची. पावसाचे पाणी ज्या सखल जागांत थांबत असे आणि ज्या कांसांतून विश्वामित्रीकडे वाहत असे, त्यांवर शहर वाढत असताना भराव पडत गेले. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये नदीकाठच्या वस्त्यांनी काय भोगले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुराची कारणे अनेक असतात, हे मान्य. तरी उंच जोत्यावरच्या आमच्या नव्या घराचा कोरडेपणा दुसऱ्या कोणाच्या ओट्यावरील पाणी तर नाही ना, ही शंका जात नाही. आम्ही न गेल्याने ती इमारत पाडली जाणार नाही, हे खरे. पण म्हणून शंका निराधार ठरत नाही.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालये काढली. भायली २०२० साली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आमच्या नव्या संकुलात व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे. वाचनाची खोली कोठे आहे असे विचारता विक्रेत्या तरुणाने आम्हांस मोठ्या आदराने क्रीडाकक्ष दाखविला.

खरी अडचण मात्र खालच्या मजल्यावर आहे. तेथे आमच्या दिवंगत चुलत्यांच्या पत्नी, वय वर्षे ब्याऐंशी, एकट्या राहतात. गल्लीत पूर्वी मराठी घरे ओळीने होती, आता आमच्यासह तीन. जो जो गेला, त्याच्यापाशी सबळ कारण होते. कोणाचे गुडघे, कोणाची सून, कोणाची मोटार. एकाही जाण्यास दोष देता येत नाही, आणि तरी सगळ्यांच्या जाण्याने जे झाले ते कोणासही नको होते. आपल्या सभेच्या बैठकीत मागच्या चार रांगा रिकाम्या असतात, त्या कोणी ठरवून रिकाम्या केलेल्या नाहीत. येथे ‘माझे कारण योग्य आहे’ एवढे म्हणून सुटका होत नाही. कारण योग्य असूनही ऋण उरते, आणि ते जागा बदलल्याने फिटत नाही. बैठकींना येत राहू, असे गेलेल्या सर्वांनीच सांगितले होते; बहुतेक पहिले वर्षभर आलेही. अंतर सात-आठ किलोमीटरच आहे, पण संध्याकाळच्या रहदारीत ते फार वाढते.

काकूंना आमच्याबरोबर चलण्याचा आग्रह केला. त्यांनी नकार दिला. सौभाग्यवतींचे दुखणे त्या जाणतात, म्हणून आम्हांस थांबा असेही म्हणाल्या नाहीत. दसऱ्यास जावयाचे ठरले आहे, हे सांगितले तेव्हा त्या तांदूळ निवडीत होत्या. ताट बाजूस न ठेवताच म्हणाल्या, “बरं झालं, तिच्या पायांना आराम पडेल. फक्त जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर आहे, तो आता रात्री लावायचा की नाही, तेवढं सांगून जा.”