हप्ता सुटला, हात तोच

भ्रष्ट पोलिसाच्या सिनेमाचा साचा तुम्हालाही पाठ असेल. पहिला तासभर तो हप्ते खातो आणि आपण हसतो. मध्यंतराच्या आसपास त्याच्या जवळच्या कुणावर तरी, बहुतेकदा एखाद्या मुलीवर, अत्याचार होतो. मग तो रडतो, सुधारतो, शेवटी गोळ्या घालतो आणि आपण शिट्ट्या मारतो.

रोहित शेट्टीचा २०१८चा ‘सिंबा’ हा या साच्यातला आपल्या ओळखीचा नमुना. संग्राम भालेराव हा शिवगडचा अनाथ पोरगा पोलिसात येतो तोच वरकमाईसाठी. गोव्यात मिरामारला बदली होते, तिथल्या दुर्वा रानडेशी साटंलोटं जमतं. रानडेचे भाऊ आकृतीवर बलात्कार करून तिचा खून करतात. तिला संग्रामनं बहीण मानलेलं असतं. तो पेटून उठतो, दोघा भावांना पोलीस ठाण्यातच संपवतो आणि स्वसंरक्षणाचा बनाव रचतो. चौकशीला कोण येतं? बाजीराव सिंघम. निकाल काय लागणार हे थिएटरातल्या समोसेवाल्यालाही ठाऊक असतं.

मला छळणारा प्रश्न साधा आहे. संग्राम सुधारला म्हणजे नेमकं काय झालं? सिनेमाच्या हिशेबात भ्रष्टाचार म्हणजे पैसा. पैसे घेणं थांबलं की माणूस स्वच्छ. पण हप्ता घेताना तो काय विकत होता? कुणावर गुन्हा नोंदवायचा आणि कुणाला सोडायचं, हे एकट्यानं ठरवायची सत्ता. ती त्याची नव्हतीच, वर्दीबरोबर सांभाळायला दिलेली होती. गोळी झाडताना तो तीच सत्ता वापरतो, फक्त आता फुकट. कागद तेव्हाही खोटे, आताही खोटे. बदललं ते गिऱ्हाईक. आधी रानडे होता, आता आपण आहोत.

आणि आकृती त्याची कुणीच नसती तर? परक्या मुलीची फिर्याद त्याच टेबलावर आली असती तर? साचा हा प्रश्न येऊच देत नाही; म्हणून तर बहीण लागते.

सिनेमात मला सगळ्यात जास्त खटकतो तो मोहिले. आशुतोष राणानं केलेला हा प्रामाणिक हेड कॉन्स्टेबल लाचखोर साहेबाला सॅल्यूट करायला नकार देतो. एवढा ताठ कणा हिंदी मसालापटात क्वचितच दिसतो. आणि तोच मोहिले पुढे साहेबाला मानाचा सॅल्यूट ठोकतो.

गंमत म्हणजे ‘सिंबा’ ज्यावर बेतलाय त्या ‘टेंपर’ या २०१५च्या तेलुगू सिनेमात वेगळी वाट होती. तिथला दया कोर्टात उभा राहून त्या गुन्ह्यात आपणही सामील होतो अशी कबुली देतो. तीही खोटीच, तेव्हा हेही काही नीतिपाठाचं उदाहरण नाही. पण आरोपींना फासापर्यंत न्यायचं तर तो आधी स्वतःची मान पुढे करतो. आपल्या पापाची किंमत आपण मोजायची, एवढी जाण त्या भडक सिनेमालाही होती. हिंदीत येताना ती किंमत गळाली आणि टाळ्या उरल्या.

‘सिनेमाच आहे, सोड ना,’ असं म्हणता येईल. पण ‘सिंबा’ला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ६ डिसेंबर २०१९ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. त्या लोकांना मूर्ख म्हणणं मला जमत नाही. दिल्लीतल्या २०१२च्या गुन्ह्यातल्या चौघांना फाशी व्हायला मार्च २०२० उजाडला. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या आईबापांना ‘प्रक्रिया’ हा शब्द कसा ऐकू येत असेल?

तरी पुढचं वाचायला हवं. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या, माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकरांच्या आयोगाचा अहवाल २०२२मध्ये समोर आला. आरोपींनी पिस्तुलं हिसकावली ही पोलिसांची कथा आयोगाला पटली नाही. जीव घेण्याच्या हेतूनंच गोळीबार झाला, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि दहा पोलिसांवर खटला चालवावा असं सुचवलं. चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते, असंही आयोगानं म्हटलं. चौघांनी गुन्हा केला होता की नाही, हे कुठल्याच न्यायालयात ठरलं नाही. आता ठरणारही नाही.