बंद पडलेला सिक्का आणि न फिटलेला महर



सूरह अल्-कहफमधील गुहावासीयांचा वृत्तांत आपण शुक्रवारी वाचतो. दीर्घ निद्रेतून जागे झाल्यावर ते आपल्यातील एकाला चांदीचे नाणे देऊन अन्न आणण्यासाठी शहरात पाठवतात. दरम्यान तीनशे नऊ वर्षे लोटलेली असतात. भाष्यकार सांगतात की, ते जुने नाणे पाहून या तरुणाला गुप्तधन सापडले असावे, असा दुकानदाराला संशय आला. नाण्यावर ज्याचा छाप होता त्या राजाची सत्ता संपली होती. चांदी मात्र चांदीच राहिली होती.

हा प्रश्न मराठवाड्यातील घरांना परका नाही. निजामाच्या राज्यात हाली रुपया, म्हणजेच उस्मानिया सिक्का, चालत असे. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. १९४८ मध्ये ते राज्य गेले आणि १९५० च्या दशकात त्याचा रुपयाही चलनातून गेला. परंतु त्या काळच्या निकाहनाम्यांत महर याच सिक्क्यांत लिहिलेला आहे. तो अदा झाला नसेल तर ते पतीवरील कर्ज आहे.

समजा, आजीचा महर ५२५ सिक्के होता. नातवंडे सहा-सातचा हिशेब मांडतात, ४५० रुपये काढतात आणि मशिदीच्या पेटीत टाकून मोकळी होतात. (दुसऱ्याचे देणे मशिदीला दिल्याने फिटते, ही समजूत कोठून आली कोण जाणे!) आजी हयात नसली तरी तिचा हक्क तिच्या वारसांकडे जातो आणि त्यांत मुलीही आल्या. आजोबांची जमीन वाटण्यापूर्वी हे देणे बाजूला काढावयास हवे होते. सूरह अन्-निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना कर्जफेड आधी ठेवलेली आहे.

आता रकमेचा प्रश्न. उस्मानिया रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात सुमारे ८२ टक्के चांदी. ज्या नाण्यात चांदीचा अंश अधिक, ते हनफी फिकहमध्ये चांदीच मानले जाते. सरकारने ते बंद केले म्हणून त्याचे मोल संपत नाही. ५२५ सिक्क्यांत जवळजवळ ४.८ किलो शुद्ध चांदी भरते. ४५० रुपये कोठे आणि ही चांदी कोठे! मात्र त्या राज्यात कागदी नोटाही चालत. महर नोटांचा ठरला असेल तर मसला वेगळा होतो. चलन बंद पडल्यास इमाम अबू यूसुफ (रह.) व्यवहाराच्या दिवसाचे मूल्य धरतात, तर इमाम मुहम्मद (रह.) ते चलनात असल्याच्या अखेरच्या दिवसाचे. दमास्कसचे इब्न आबिदीन (रह.) यांनी याच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणून निकाहनामा घेऊन जाणत्या मुफ्तींकडे जावे. सोयीचा आकडा घरीच ठरवू नये.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांना मात्र चांदीचा आधार नाही. कोणाची अमानत म्हणून त्या आपल्या कपाटात राहून गेल्या असतील आणि मालकाने मुदतीत मागूनही आपण टाळाटाळ केली असेल, तर ती रक्कम आजच्या नोटांत भरून देणे आपल्यावर आहे. त्याने मागितलीच नसेल आणि आपलीही हयगय नसेल, तर भरपाई लागू होत नाही. तरीही त्याच्या नोटा त्याच्याच हाती सोपवाव्यात.