नव्या भातुकलीची कैफियत

एखाद्या वस्तूवर आपलें प्रेम आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तें त्या वस्तूवर असतें, कीं ती प्रथम हातीं आली त्या वेळच्या आपल्या वयावर असतें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तो गाण्याच्या बाबतींत पडतो, नाटकाच्या बाबतींत पडतो, आणि आईच्या हातच्या आमटीच्या बाबतींत तर रोज पडतो. गेल्या दिवाळींत तो आमच्या घरीं ज्या निमित्तानें उभा राहिला, तें मात्र कित्येक वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तें निमित्त संगणकावरील एका खेळाचें होतें.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास असतो. तो दिवाळीसाठीं नांदगांवीं आला होता. आमची कन्या येथेंच अकरावींत शिकते. दोघेंहि 'द सिम्स' या खेळाचीं भक्त; परंतु पुतण्या त्या मालिकेंतील दुसऱ्या खेळाचा, तर कन्या चौथ्याची. चौथा हा खेळच नव्हे, मालिकेच्या पुण्याईवर मांडलेलें तें दुकान आहे, असें पुतण्यानें फराळाच्या वेळीं जाहीर केलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. ताटली तशीच ठेवून उठून गेली. त्या क्षणीं आमचें मत पुतण्याकडे होतें, हें आरंभींच कबूल करतों. तें पुढें कां पालटलें, तें येथें सांगावयाचें आहे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांनीं भातुकली आठवावी. यांत शत्रु नाहीं, शर्यत नाहीं, जिंकणें नाहीं कीं हरणें नाहीं. पडद्यावर एक घर बांधावें, त्यांत माणसें वसवावीं, आणि त्यांची भूक, झोंप, नोकरी, प्रीति व भांडणें यांची काळजी वाहावी, एवढाच तो खेळ. त्याचे कर्ते विल राइट हे अमेरिकन गृहस्थ. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या टेंकड्यांवर जो वणवा पेटला, त्यांत त्यांचें घर जळालें. नव्यानें संसार मांडतांना कोणती वस्तु पुनः घ्यावयाची व कशासाठीं, याचा जो विचार त्यांस करावा लागला, त्यांतून या खेळाची कल्पना वाढीस लागली. पहिला खेळ २००० सालीं निघाला, दुसरा २००४, तिसरा २००९ व चौथा २०१४ सालीं. या मालिकेच्या मुळाशीं एक गेलेलें घर आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

चौथ्या खेळावरील आरोप खोटे नाहींत. तो निघाला तेव्हां त्यांत पोहण्याचा तलाव नव्हता आणि दुडदुडत्या वयाचीं मुलें नव्हतीं. पाळण्यांतलें मूल एकदम शाळेंत जाण्याजोगें होई. तिसऱ्या खेळांत सबंध गांव मोकळें होतें. चौथ्यांत एका घरांतून शेजारच्या घरीं जावयाचें तरी मध्यें थांबून वाट पाहावी लागते. दुसऱ्या खेळांतील माणसांस आपलें लग्न, मुलांचे जन्म, आप्तांचे मृत्यु आठवत. त्यांना जशा इच्छा होत्या तशींच भयेंहि होतीं. चौथ्यांतील माणसें जात्याच आनंदी. खोली थोडी सजविली कीं त्यांचें दुःख झांकलें जातें. आणि सर्वांत मोठा आरोप पुरवण्यांचा. ऋतु हवे असतील तर निराळे पैसे, कुत्रीं-मांजरें हवीं असतील तर निराळे पैसे. अशा पुरवण्या दहा वर्षांहून अधिक काळ निघत आल्या असून, त्या सर्व घेऊं म्हणणारास साध्या नोकरदाराचा महिन्याचा पगार पुरावयाचा नाहीं.

यांपैकीं तलावाच्या आरोपावर नांदगांवकरानें हंसूं आवरणें कठीण आहे. आमचा तालुका पर्जन्यछायेचा. नळाला पाणी आज येणार कीं आणखी चार दिवसांनीं, यावर येथें उन्हाळ्यांत धुण्याचा बेत ठरतो. खोट्या घरामागें खोटें पाणी नाहीं म्हणून देशोदेशीं ओरड झाली, हें आम्ही मातोश्रींस सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "टँकर मागवा म्हणावं." असो. तलाव त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आला. दुडदुडतीं मुलें जानेवारी २०१७ मध्यें आलीं, आणि रांगतीं बाळें २०२३ मध्यें. तीं सर्व मूळ खेळांतच, निराळा पैसा न घेतां आलीं. परंतु उशिरा आलीं, हें खरेंच.

पण अपुरें असणें आणि खोटें असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या गांवांतील नवीं घरें पाहावीं. स्लॅब पडलेला असतो, आणि वर पुढच्या मजल्यासाठीं सोडलेल्या सळया आभाळाकडे पाहात गंजत असतात. गिलावा व्हावयाचा असतो, तोंच वास्तुशांत उरकून माणसें राहावयास येतात. वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळीं होतो, किंवा होतहि नाहीं. अशा घरास कोणी 'हें घरच नव्हे' असें म्हणत नाहीं. मात्र ज्या गवंड्यानें जिन्याचे पैसे आधीं न सांगतां मागाहून मागितले, त्याला चार शब्द सुनावण्याचा घरमालकास अधिकार आहे. तसेच चार शब्द या खेळाच्या व्यापाऱ्यांसहि कोणीं सुनावले, तर आम्ही त्याच्या बाजूस उभे राहूं. दोष दुकानाचा असेल तर तो दुकानाच्या खात्यावर मांडावा. तो वस्तूच्या खात्यावर मांडला, म्हणजे न्यायाचा हिशेब चुकतो.

शिवाय आपण तुलना कशाची कशाशीं करतों, हेंहि पाहावें. पुतण्याच्या मनांत जो दुसरा खेळ आहे, तो २००४ सालच्या पहिल्या दिवसाचा नव्हे. त्यालाहि २००५ पासून २००८ पर्यंत आठ मोठ्या पुरवण्या जोडल्या गेल्या होत्या; पाळीव प्राणी व ऋतु त्यांतहि मागाहून आणि पैसे घेऊनच आले होते. चार वर्षांत भरत गेलेलें घर स्मरणांत एका रात्रींत उभें राहतें, आणि त्याच्याशेजारीं नव्याचा उघडा स्लॅब ठेवून आपण निकाल देतों. जुन्याचा शेवटचा दिवस आणि नव्याचा पहिला दिवस, यांची तुलना करून सासवांनीं सुनांवर जो अन्याय पिढ्यान्‌पिढ्या केला, त्याचीच ही जात आहे.

रूप बदलणें हेंच ज्यांना पाप वाटतें, त्यांनीं मोक्षपटाकडे पाहावें. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचें घर म्हणजे मोक्ष. आयुष्य कसें जगावें, याचाच तो खेळ होता. पुढें तो विलायतेस गेला, आणि हळूहळू त्याच्या घरांतील शब्द पुसले जाऊन नुसते आंकडे राहिले. आज सापशिडी खेळणाऱ्या पोरास ९९ वरून खालीं घसरतांना आपण कोणत्या दुर्गुणामुळें घसरलों, हें ठाऊक नसतें. कांहींतरी गमावलें खरें; पण त्या पोराच्या छातींतील धडधड खोटी आहे, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

आतां चौथ्या खेळाचे गुण. त्यांत भावनांना जें स्थान आहे, तें आधींच्या खेळांत नव्हतें. मनुष्य खिन्न आहे, रागावला आहे, लाजला आहे, त्यास स्फूर्ति झाली आहे, यांवरून तो काय करील व कसें करील, हें बदलतें; खिन्न चितारी आपल्या खिन्नतेचें चित्र काढूं शकतो. भोंवतालच्या वस्तु त्या भावनेस चेतवितात. आमच्या रसशास्त्रांत ज्यास उद्दीपन विभाव म्हणतात, त्याचीच ही बाळबोध आवृत्ति आहे. ती उथळ आहे हें मान्य; पण दिशा चुकीची नाहीं. दुसरा गुण बांधकामाचा. येथें सबंध खोली भिंती व सामानासकट उचलून दुसरीकडे ठेवतां येते. तिसरा गुण आम्ही सर्वांत मोठा मानतों. ऑक्टोबर २०२२ पासून मूळ खेळ विनामूल्य आहे, आणि तो साध्या यंत्रावर चालतो. तिसऱ्या खेळास सबंध गांव हालतें ठेवावें लागे, त्यांत गरिबाचें यंत्र धापा टाकी. पुतण्यानें दुसरा खेळ खेळला तेव्हां सबंध गल्लींत संगणक त्याच्याच घरीं होता. आमच्या कन्येचा संगणक कोणाचा तरी टाकलेला, दुरुस्त करून घेतलेला आहे. जुन्याच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणारांनीं, त्या वेळीं आपल्यासाठीं दार कां उघडें होतें व इतरांसाठीं कां नव्हतें, याचाहि हिशेब द्यावयास हवा.

परंतु हे सर्व युक्तिवाद मागाहून सुचले. आमचें मत पालटलें तें पाडव्याच्या दुपारीं. कन्या संगणक मांडीवर घेऊन बसली होती, आणि शेजारीं मातोश्री तांदूळ निवडीत होत्या. पडद्यावर एक धाब्याचें घर होतें. तें आमचें जुनें घर. मुलीनें तें कधीं पाहिलें नव्हतें; आमच्या लग्नांतील एका फोटोवरून ती तें बांधीत होती. तिच्या जन्मापूर्वीं तें भावाभावांच्या वांटणींत विकलें गेलें, आणि आज तेथें दुकानांचे गाळे आहेत. खरेदीखतावर सही आमची आहे. त्या दिवसापासून मातोश्रींनीं त्या घराचें नांव काढलें नव्हतें. आम्हींहि तें कधीं निघूं दिलें नव्हतें.

अंगणांत मुलीनें आजीची मूर्ति उभी केली होती. मातोश्रींनीं प्रथम हरकत घेतली ती तिच्या रंगावर. "मी एवढी गोरी कधी होते गं?" त्यावर मुलीनें शोधून शोधून नेमका सांवळा रंग लावला. तसा रंग या खेळांत पूर्वीं सहज मिळत नसे. काळे-सांवळे वर्ण राखेसारखे दिसतात, अशी खेळणारांनींच तक्रार केली, आणि डिसेंबर २०२० मध्यें शंभराहून अधिक नवे वर्ण त्यांत आले. नंतर मातोश्री म्हणाल्या, "देवघर इकडं नव्हतं. माजघराच्या उजव्या अंगाला." मुलीनें देवघर उचललें आणि उजव्या अंगास ठेवलें. "अस्सं. आता त्या भिंतीत कोनाडा."

तांदूळ तसेच राहिले. जातें कोठें होतें, मामंजी कोणत्या खांबास टेंकून बसत, परसांतला कडुनिंब कोणत्या वर्षीं पडला, हें सर्व त्या सांगत गेल्या, आणि मुलगी भिंती हालवीत गेली. आमची एक बहीण तान्हेपणींच गेली, एवढें आम्हांस ठाऊक होतें. तिचा पाळणा कोणत्या तुळईला टांगला होता, हें आम्ही त्या दुपारीं आयुष्यांत प्रथम ऐकलें.

पुतण्या दारांत उभा होता. तो म्हणाला, "दुसऱ्या खेळात ही आजी असती, तर तिला हे सगळं आठवलं असतं. ह्यातल्या आजीला काहीच आठवत नाही." त्याचें म्हणणें खरें होतें. पडद्यावरची आजी त्या देवघरांत उभी राहून स्वतःशींच हंसत होती. तिला त्या घराचें सुखहि नव्हतें आणि दुःखहि नव्हतें. दुसऱ्या खेळांत ती आठवण तिच्या खात्यांत नोंदली गेली असती. तो खेळ या बाबतींत श्रेष्ठ आहे, आणि हें श्रेष्ठत्व चौथ्यानें अजून कमावलेलें नाहीं.

तथापि त्या दुपारीं आठवण कोठें होती? ती खेळांत नव्हती. ती खेळाशेजारीं सूप घेऊन बसलेल्या म्हातारीपाशीं होती. ती बाहेर निघण्यास एक रिकामें, हालवितां येण्याजोगें, चुकलें तर दुरुस्त करतां येण्याजोगें घर पुरे झालें. ज्या मालिकेचा जन्म जळालेल्या घराच्या विचारांतून झाला, तिचा हा चौथा खेळ एका विकलेल्या घराच्या उपयोगी पडला. यापेक्षां मालिकेशीं अधिक इमान तें कोणतें?

जुन्यावर प्रेम करणारांचें कांहीं हिरावलें गेलेलें नाहीं. पंचविसाव्या वर्षाच्या निमित्तानें जानेवारी २०२५ मध्यें पहिला व दुसरा हे दोन्ही खेळ पुनः विक्रीस आले आहेत. ज्यास ते हवेत त्यानें ते सुखेनैव खेळावेत. पूर्वीं काय होतें हें सांगणें, नव्यांत काय उणें आहे तें दाखविणें, व्यापाऱ्यानें लबाडी केली तर ती चव्हाट्यावर मांडणें, हीं वडीलधाऱ्यांचीं कामें आहेत, आणि तीं त्यांनीं केलींच पाहिजेत. परंतु धाकट्यास जो आनंद होत आहे तो खरा नव्हे, असें त्यास पटवूं पाहणें हें त्यांचें काम नव्हे. वस्तु कमी प्रतीची असूं शकते; तिनें दिलेला आनंद त्यामुळें बनावट ठरत नाहीं. फराळाच्या वेळीं आम्ही गप्प बसलों, तें चुकलें. मुलगी ताटली सोडून उठली तेव्हां तिचा खेळ हरला नव्हता; आम्हीं तिचा आनंद अप्रामाणिक ठरविला होता. त्याची ही कैफियत आम्ही तिच्या वतीनें, आणि थोडी आमच्या त्या सहीच्या वतीनेंहि, येथें दाखल करीत आहोंत. भाऊबीजेच्या सकाळीं मातोश्रींनीं चहापूर्वींच मुलीस हांक मारली. न्हाणीघर राहून गेलें होतें.