आजचे चिंतन : गीता १७.१५



आजचा श्लोक वाणीच्या तपाचा. भगवंत 'खरं बोला' एवढ्यावर थांबत नाहीत. ऐकणाऱ्याचं मन पोळू नये, बोलणं त्याच्या हिताचं असावं, हेही मागतात.

आम्हा प्रोग्रामर मंडळींना हा श्लोक रोज लागतो. कोड तपासणारा लिहितो, "हे असं का केलं?" आपल्या मोझरीत "काहून केलं असं?" हा साधा प्रश्न. पण स्क्रीनवर ना आवाज, ना चेहरा. मग वाचणारा त्यात आपलाच राग भरतो. समोरच्याचा हेतू आपल्याला दिसलेलाच नसतो.

मात्र "हेतू चांगला होता" ही पळवाटही गीता देत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं तांत्रिक म्हणणं बरेचदा बरोबर असे, शब्द मात्र जाळणारे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांची माफी मागितली अन् काही दिवस कामातून सुटी घेतली. राष्ट्रसंतांनी तरी खंजिरीवर समाजाला कमी का फटकारलं? पण त्यांची तळमळ समोर बसलेल्याला दिसत होती.

मी सध्या एवढंच करतो. टोचलेलं वाक्य आधी वऱ्हाडीत मोठ्यानं वाचतो. बरीचशी तिथंच निवतात. उरलेल्यांना सरळ विचारतो, "दादा, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?"