ज्याची त्याची बातमी

मोबाइलवर नुसते ‘सुपा’ लिहिले, तर कोणते गाव पुढे यावे? पुणे–नगर रस्त्यावरचे, एमआयडीसीचे, पारनेर तालुक्यातले? की बारामती तालुक्यातले, जिथे १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर तुटून पडले आणि दख्खनचा दंगा सुरू झाला? कर्नाटकात काळी नदीवरच्या धरणात बुडालेले गाव आणखी वेगळेच. तुम्ही कुठे उभे आहात आणि आधी काय शोधले होते, हे पाहून शोधयंत्र अंदाज बांधते. उद्या पाऊस आहे का, एवढेच विचारायचे असेल तर हा अंदाज सोयीचा. पण १८७५ वर निबंध लिहायला बसलेल्या पारनेरकडच्या मुलाची यात फसगत होऊ शकते. दंग्याची झळ पारनेर तालुक्यालाही लागली होती. त्यामुळे चुकीचे उत्तरही पटण्याजोगे दिसते आणि पोरगा ‘दंगा आमच्याच गावात पेटला’ असे लिहून मोकळा होतो.

गूगलने डिसेंबर २००९ पासून खाते न उघडता शोधणाऱ्यांनाही ज्याचे त्याचे वेगळे निकाल द्यायला सुरुवात केली. एली पॅरिसर या अमेरिकी लेखकाने २०११ मध्ये ‘द फिल्टर बबल’ या पुस्तकातून त्यावर धोक्याची घंटा वाजवली. नंतरच्या अभ्यासांत, निदान शोधापुरता, हा परिणाम त्याच्या भीतीएवढा मोठा दिसला नाही, हे मान्य करायला हवे. शोधताना प्रश्न तरी आपला असतो. बातम्यांच्या बाबतीत तोही नसतो. अंगठा सरकवला की आपल्यासाठी निवडलेले येत राहते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ती थेट ४ मे २०२४ ला, तीही किमान दर आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. या काळात सुप्यातल्या कांदा उत्पादकाच्या मोबाइलवर दुसरे काय दिसले असेल? आणि त्याच चौकात चहा पिणाऱ्या, परप्रांतातून आलेल्या कारखान्यातल्या कामगाराच्या मोबाइलवर कांद्याची बातमी कशाला आली असेल? लोकसभेला नगर दक्षिणेत कांदा गाजला आणि पारनेरचे नीलेश लंके निवडून आले. निकाल दोघांनी एकाच दिवशी ऐकला, पण त्यामागचा राग एकालाच ठाऊक.

यावर कुणी म्हणेल, वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या म्हणजे तरी दुसरे काय? बरोबर आहे. नगरची आवृत्ती पुण्याला मिळत नाही. पण ती नगरची आहे हे अंकावरच छापलेले असते आणि हॉटेलात तोच अंक हातोहात फिरतो. बाजारभाव शोधताना शेतकऱ्याची नजर एमआयडीसीच्या भूसंपादनावर पडते. पहिल्या पानावर हे कशाला घेतले, म्हणून भांडता येते, कारण पान सगळ्यांनी पाहिलेले असते. त्या साध्या पानाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. नेत्यांचे वाढदिवस तिथेच छापले जात आणि सुप्यासारख्या गावाचे नाव बहुधा अपघाताच्या बातमीतच येई. तीही कुणाची तरी निवडच होती, फक्त सगळ्यांना दिसणारी.

म्हणून माझा आक्षेप निवडीला नाही, ती न सांगता करण्याला आहे. गाव कोणते, हे यंत्राने विचारावे. बातम्यांची सर्वांना सारखी दिसणारी यादी आधी द्यावी, आवडीची नंतर. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने २०२३ पासून बड्या कंपन्यांना, वापरणाऱ्याच्या सवयींवर न बेतलेला एक तरी पर्याय देणे भाग पाडले. भारताच्या २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यात संमतीचे बोलणे आहे, पण असा पर्याय मागण्याचा हक्क नाही.

‘शेतकऱ्याला त्याच्या गावापुरतेच हवे असते,’ हा तर निव्वळ गैरसमज. पारनेरचा भाव त्याला ठाऊकच असतो. गाडी भरण्याआधी त्याला घोडेगाव, सोलापूर आणि लासलगावचे आकडे शेजारी शेजारी पाहायचे असतात.