वजा केलेला सुगंध

पुरुषांचं एखादं परफ्यूम गाजलं की त्याची ‘स्पोर्ट’ आवृत्ती येणार हे आता ठरलेलंच आहे. त्यातल्या बहुतेक मला निराश करतात, पण ‘डिओर ओम’च्या बाबतीत झालेलं नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं.

2005 साली ऑलिव्हिए पोल्ज यांनी ‘डिओर ओम’ घडवलं आणि त्याच्या केंद्रस्थानी आयरिस ठेवला. हा वास फुलातून नव्हे, कंदातून मिळतो. कंद सुमारे तीन वर्षं जमिनीत वाढतो आणि काढून सोलल्यावर आणखी काही वर्षं वाळवत ठेवावा लागतो. त्या मुदतीत आयरोन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि मग तो थंड, पावडरीसारखा, किंचित मातकट गंध येतो. युरोपात या गंधाशी लिपस्टिकची आणि पावडरच्या डब्याची आठवण जोडलेली आहे. पोल्ज यांनी तो कोको आणि चामड्याच्या सोबतीनं पुरुषाच्या मनगटावर आणला. हे धाडस होतं, आणि लोकांना ते आवडलं.

2008 मध्ये फ्रान्स्वा दमाशी यांची स्पोर्ट आवृत्ती आली. तिच्यात आलं आणि लिंबाच्या तजेल्यामागे आयरिस अजून जाणवत होता. पुढे तो मागे सरकत गेला. 2021 च्या बाटलीत लिंबू, बर्गमॉट, गुलाबी मिरी आणि लाकूड आहे. वास प्रसन्न आहे, स्वच्छ आहे. पण डोळे मिटून हुंगलं तर तो कुणाचा, हे सांगता येत नाही.

पुरुषांच्या परफ्यूममध्ये ही स्वच्छता कुठून आली? 1982 च्या ‘द्राकार न्वार’मध्ये आणि 1988 च्या ‘कूल वॉटर’मध्ये डायहायड्रोमर्सिनॉल हे द्रव्य सढळ हातानं वापरलं गेलं. लिंबू, लॅव्हेंडर आणि धातू यांच्या मधला त्याचा वास. साबणात आणि कपड्यांच्या पावडरीतही ते असतं. तेव्हापासून नुकतीच आंघोळ केलेला पुरुष हाच आदर्श ठरला. बरं, खेळाडूला तरी त्याचा काय उपयोग? लिंबूवर्गीय तेलांचे रेणू हलके असतात, तापलेल्या त्वचेवरून ते सर्वांत आधी उडतात. उन्हाघामासाठी म्हणून घेतलेल्या बाटलीतला दर्शनी भाग उन्हातच सर्वांत कमी टिकतो.

मला खटकते ती या स्वच्छतेमागची भीती. फुलाचा, पावडरीचा, मऊपणाचा वास पुरुषाला शोभणार नाही, ही ती भीती. आपल्याकडे मोगऱ्याच्या किंवा हिन्याच्या अत्तराचा फाया कानात ठेवून पुरुष लग्नाला, गाण्याच्या बैठकीला जात आले. कुणाचं पौरुष त्यानं उणावलं नाही. हे धैर्य पुरुषांकडे होतं आणि आहे. विकणाऱ्यांनी ते नाही असं गृहीत धरलं.

स्पोर्ट म्हणजे रिकामंच, असं मात्र नाही. ऑलिव्हिए यांचे वडील जाक पोल्ज यांच्या 2004 च्या ‘अल्यूर ओम स्पोर्ट’मध्ये संत्र्याच्या तजेल्याखाली टोंका बियांचा मऊ गोडवा राहतो, म्हणून मूळ ‘अल्यूर ओम’शी नातं टिकतं. तेवढं नातं पुरेसं असतं.

‘डिओर ओम’मध्ये ते टिकलं नाही, आणि 2020 मध्ये तर स्पोर्टच्याही पलीकडे गोष्ट गेली. मुख्य बाटलीतलाच आयरिस काढून तिथे लाकडी वास आणला गेला. जुनं मिश्रण ‘ओरिजिनल’ या नावानं बाजूला उरलं.

म्हणून दुकानात जाल तेव्हा एका मनगटावर ‘ओरिजिनल’ आणि दुसऱ्यावर स्पोर्ट लावून घ्या, आणि लगेच पैसे देऊ नका. बाहेर पडा, दोन तास फिरा, मग दोन्ही हात हुंगा आणि त्यानंतरच निवड करा.